फ्लॉपीला गंध-कुंकू

२ ऑगस्ट १९९३, सोमवार

खताच्या दुकानदाराने जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरी पडली होती. आजपासून लिहितो. कारण आज दुपारी मी, तंजावरच्या खाजगी कॉलेजात सव्वीस वर्षं गणित शिकवणारा बाळकृष्णराव, संगणकशास्त्र विभागाचा प्रमुख झालो, आणि याबद्दल खरं खरं कुठेतरी लिहायला हवं. देवनागरीत लिहितो आहे. आम्ही पिढ्यानपिढ्या इथलेच मराठी; घरात सगळे मराठीत बोलतात, भांडतातही मराठीत, पण ही अक्षरं कुणालाच वाचता येत नाहीत. बायको चंद्रमती तर माहेरी मराठी पत्रसुद्धा तमिळ अक्षरांत लिहिते. वडिलांनी छडी घेऊन मला एकट्यालाच बाराखडी शिकवली, तिचा उपयोग हाच की मनातलं उघड्या टेबलावर ठेवता येतं.

तर खरं असं आहे की मला संगणक येत नाही.

त्रिचीला दहा दिवसांचं शिबिर केलं. एका यंत्रामागे तिघे. पहिला टाइप करायचा, दुसरा त्याच्या चुका काढायचा, मी तिसरा, मान डोलवायचो. प्रमाणपत्र तिघांनाही सारखंच मिळालं. ते पाहून आमच्या कॉलेजचे मालक रमण म्हणाले, "प्रोफेसर, गणित येतं त्याला हे येणारच! जग कॉम्प्युटरमागे पळतंय, आपण काय भातच कांडत बसायचं?" त्यांच्या भाताच्या गिरण्या आहेत. कॉलेजच्या चालकाला इकडे करस्पाँडंट म्हणतात, म्हणून सगळे त्यांना तेच म्हणतात. विद्यार्थी बत्तीस, यंत्रं पाच. सहावं रंगीत पडद्याचं यंत्र करस्पाँडंटच्या स्वतःच्या खोलीत, मखमली कव्हराखाली आहे. ते अजून कुणी सुरू केलेलं नाही.

नोव्हेंबरात विद्यापीठाची समिती येणार. तिने मान्यता दिली तरच विभाग टिकणार. मी वर्गात नियम सांगून टाकला: पोंगलपर्यंत, म्हणजे जानेवारीतल्या संक्रांतीपर्यंत, कुणीही यंत्राला हात लावायचा नाही. आधी कागद. आधी आकृती, मग पायऱ्या, मग प्रोग्रॅम, तो तोंडपाठ, मग यंत्र. तिरुवैयारूत गाणं शिकायला गेलेल्याला गुरुजी पहिल्या दिवशी कच्चेरीला, म्हणजे मैफलीला, बसवतात काय? मुलांना पटलं. मलाही पटलं. शिवाय पोंगलपर्यंत मला वेळ मिळाला.

१२ ऑगस्ट, गुरुवार

नवीन लेक्चरर आली. वाणी. वय चोवीस. पापनाशमच्या श्रीनिवासरावांची मुलगी, म्हणजे आपल्यातलीच. रोज गाडीने येणार. बंगळूरच्या कंपनीने बोलावलं होतं, पण वडिलांना अर्धांग झाल्यामुळे गेली नाही, असं चंद्रमतीला माझ्याआधी कळलं होतं. कसं, ते विचारू नये.

आल्या आल्या लॅबमध्ये शिरली, चपला बाहेर काढायलाही विसरली, आणि पाच यंत्रं सुरू केली! या यंत्रांना स्वतःची आठवण नाही. फ्लॉपी म्हणून काळ्या चौकोनी लखोट्यातली तबकडी असते, ती आत घातली की यंत्राला शुद्ध येते. माझ्या कपाटात मूळ फ्लॉपींची पेटी आहे, तिची किल्ली माझ्या कमरेला. वाणी म्हणाली, "सर, मूळ पेटी इथे नको. आग लागली, पाणी आलं तर? मूळ एका ठिकाणी, प्रती दुसऱ्या ठिकाणी ठेवाव्यात." मी म्हटलं, सरकारी तिजोरीसुद्धा एकाच ठिकाणी असते.

मग मला विचारते, "मुलं केव्हापासून यंत्रावर बसणार?" पोंगल सांगितलं. ती हसली. म्हटलं, विचार आधी, यंत्र नंतर. तर म्हणाली, "चुकल्याशिवाय विचार कशाचा करायचा, सर?"

उत्तर चांगलं सुचलं, पण तोवर ती निघून गेली होती.

३ सप्टेंबर, शुक्रवार

पहिली चाचणी. तीन संख्यांतली मोठी शोधण्याचा प्रोग्रॅम. बत्तीसपैकी एकोणतीस जणांनी जसाच्या तसा लिहिला. अखिला नावाची एक मुलगी आहे, ओरत्तनाडूकडच्या खेड्यातून सायकल आणि मग बस करून येते. तिचा पेपर छापल्यासारखा. वीसपैकी वीस दिले.

वाणीने तोच पेपर पाहिला आणि शून्य दिलं. कारण म्हणे प्रोग्रॅमच्या मधोमध अखिलाने "पान ४२" असंही लिहिलं आहे. माझ्या नोट्सच्या त्या पानाचा आकडा! तिने तोही पाठ केला.

आम्ही अखिलाला बोलावलं. वाणीने विचारलं, हा प्रोग्रॅम काय करतो? अखिला म्हणाली, "बारा ओळी, मिस." म्हणजे काय करतो? "परीक्षेला येतो, मिस."

मला हसू आलं ते मी खोकल्यात घालवलं. वाणी मात्र हसली नाही. तिने तिला यंत्रासमोर बसवलं, माझ्यादेखत, आणि म्हणाली, टाइप कर आणि काय होतं ते बघ. यंत्राने पान ४२ वर अडून बसून चूक दाखवली. अखिला रडायला लागली. मी म्हटलं, बघितलंस? यासाठीच मी पोंगल म्हणत होतो! वाणी म्हणाली, "थांबा सर." अखिलाने डोळे पुसले, ती ओळ काढली, पुन्हा चालवलं. पडद्यावर सतरा आला. पोरीने पडद्याला हात लावून पाहिला.

तरी शून्य म्हणजे फार होतं. आम्ही दहावर तडजोड केली. त्या तडजोडीतच ठरलं की कागद आधीच, पण वाणीच्या तासाला मुलं यंत्रावर बसतील.

२१ सप्टेंबर, मंगळवार

आज हद्द झाली. लॅबमधून हशा ऐकू आला. हशा! संगणकाच्या लॅबमध्ये! आत गेलो तर वाणीने घरून आणलेली फ्लॉपी घातलेली, पडद्यावर उंदीर पळतो आहे, मांजर मागे आहे, आणि मुलं किंचाळताहेत. खेळ वाणीनेच लिहिलेला. मी प्रोग्रॅमची यादी मागितली. त्यात सत्तावीस वेळा GOTO! एका ओळीतून दुसरीकडे उडी, तिथून तिसरीकडे. शिबिरात आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, GOTO म्हणजे पाप. प्रोग्रॅम वरून खाली वाचता आला पाहिजे.

"तोच तर धडा आहे," वाणी म्हणाली. "मी मुद्दाम गुंता केलाय. उंदीर मधेच भिंतीत अडकतो. का अडकतो ते त्यांनी शोधायचं. शोधता शोधता त्यांनाच GOTO चा वीट येईल. तुम्ही पाप म्हणून सांगितलंत तर ते फक्त पाठ करतील."

मी म्हटलं, तर मग मुलांना चिखलात लोळवून स्वच्छता शिकवायची! ती म्हणाली, आता नवीनच पद्धत येते आहे, त्यात प्रत्येक वस्तूला आपलं काम आपल्याला ठाऊक असतं. बाहेरून फक्त सांगायचं, कर. "तुम्ही तुळजारामला चहा आण म्हणता, दूध कसं तापवायचं ते सांगत नाही ना?" तुळजाराम आमचा शिपाई, येत्या मार्चमध्ये निवृत्त होतो. त्याला दूध कसं तापवायचं तेही सांगितलं तरी चहा येत नाही. हे उत्तर मी तिथल्या तिथे दिलं, आणि मुलं माझ्या बाजूने हसली. बरं वाटलं.

पण ताकीद दिली. बाहेरची फ्लॉपी पुन्हा लॅबमध्ये दिसता कामा नये.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी. पाच नंबरचं यंत्र महिनाभर त्रिचीला दुरुस्तीला होतं, ते आज वेळेवर आलं, नाहीतर बिचारं पूजेला मुकलं असतं. सगळ्या फ्लॉपी, मूळ पेटीसकट, बाहेर काढून पुसून ठेवल्या. वाणी म्हणाली, एक जोडी तरी मी घरी नेते. मी म्हटलं, पूजेच्या आदल्या दिवशी आयुधं घराबाहेर काढतात काय? छे!

२३ ऑक्टोबर, शनिवार

पूजा फार देखणी झाली. पाचही यंत्रांना शेवंतीचे हार, प्रत्येक कीबोर्डपुढे लिंबू. दाराबाहेर कोहळा फोडला. करस्पाँडंटच्या मातोश्री राजलक्ष्मी अम्माळ, वय अठ्ठ्याहत्तर, खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि सगळं त्यांच्या सांगण्याने चाललं होतं. एकदा गुरुजींनाही त्यांनी मंत्र पुन्हा म्हणायला लावला.

फ्लॉपींना गंध-कुंकू मी स्वतः लावलं. चौऱ्याहत्तर फ्लॉपी. तुळजाराम धसमुसळा, त्याच्यावर सोपवलं नाही. प्रत्येक फ्लॉपी कागदी पाकिटातून बाहेर काढली. वर लेबल असतं, त्यावर लावलं तर अक्षरं जातील, म्हणून विचारपूर्वक खाली लावलं. तिथे लखोट्याला एक लांबट फट असते आणि आतली काळी चकचकीत तबकडी दिसते, अगदी तेल लावलेल्या कपाळासारखी. तिथे अनामिकेने ओलं गंध आणि वर कुंकवाचा ठिपका. दुसऱ्या बाजूलाही फट होती, तिथेही. अर्धवट काम मला जमत नाही.

वाणी हजर नव्हती. घरची पूजा म्हणून पापनाशमलाच राहिली. प्रसादाचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, उरलं ते चंद्रमतीने डब्यात घातलं.

२५ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी तुळजारामने ओल्या फडक्याने सगळ्या फ्लॉपी पुसून पाकिटांत घातल्या. दहा वाजता लॅब उघडली. अकरा वाजेपर्यंत एकही यंत्र शुद्धीवर आलं नाही. घरघर, खरखर, आणि पडद्यावर तीन पर्याय: सोडून द्या, पुन्हा करा, की फेल. मुलांनी फेल वाचलं आणि दोघीजणी बाहेर जाऊन रडल्या.

एक फ्लॉपी, दुसरी, दहावी. शेवटी मी कमरेची किल्ली काढली, मूळ पेटी उघडली, त्यातली फ्लॉपी पाच नंबरमध्ये घातली. तीही मेली. समितीला चौदा दिवस उरले आहेत.

वाणीने ड्राइव्हच्या, म्हणजे फ्लॉपी घालायच्या खाचेच्या, तोंडाशी नाक नेलं आणि म्हणाली, "सर, चंदनाचा वास येतोय." म्हटलं, येणारच, परवा पूजा झाली आहे. कठीण वेळ आली की माणसाला नाही नाही ते सुचतं.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

कारण सापडलं. व्हायरस! करस्पाँडंटच्या भाच्याने मद्रासहून फोनवर सांगितलं. बाहेरच्या फ्लॉपीतून येतो, एका यंत्रातून दुसऱ्यात जातो, सगळं खाऊन टाकतो. आमच्याकडे तंतोतंत तसंच झालं: तुळजारामने बाजारातून कोऱ्या फ्लॉपी आणल्या, त्याही आत घातल्या घातल्या बिघडल्या. आणि बाहेरची फ्लॉपी कुणी आणली होती? उंदीर-मांजर!

मी मेमो लिहिला. इंग्रजी फार उत्तम उतरलं. "मनाई असताना आणि परिणामांची पुरेपूर जाणीव असताना" अशी सुरुवात केली. करस्पाँडंटनी तीनदा वाचून घेतला आणि सही केली. उत्तर समाधानकारक नसेल तर नोकरी संपली आणि तसा शेरा अनुभवाच्या प्रमाणपत्रावर येणार.

शेऱ्याचं मात्र मला थोडं जड वाटलं. तो शेरा असला तर तिला बंगळूर सोडा, कुंभकोणमच्या शाळेतही कुणी घेणार नाही. पण शिस्त म्हणजे शिस्त. लॅबच्या दाराशी डेटॉलची बाटली ठेवली. व्हायरस हाताने पसरतो का, हे कुणाला विचारलं नाही. विभागप्रमुखाने असलं विचारायचं नसतं.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

वाणीचं उत्तर आलं. एकच ओळ. "फ्लॉपींना काय लावलं होतं ते विभागप्रमुखांना विचारावं."

करस्पाँडंटच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पूजेने बिघडलं म्हणते? माझ्या आईने केलेल्या पूजेने?" आता आरोप दोन झाले, व्हायरस आणि देवनिंदा. वाणीला घरी बसवलं. गुरुवारी त्यांच्या घरी चौकशी. कॉलेजचे मोठे निर्णय त्यांच्याच ओसरीवर, मातोश्रींसमोर होतात.

गेटजवळ वाणी मला म्हणाली, "सर, तुम्हीच मुलांना सांगता ना, प्रोग्रॅम कागदावर एक एक पायरी चालवून बघायचा? एकदा हाही बघा की." उद्धट. पण डोळे लाल होते.

३१ ऑक्टोबर, रविवार

दुपारी जेवण झाल्यावर चौकशीसाठी टिपण करायला बसलो. वाणीचा दोष पायरी पायरीने सिद्ध करायचा, वरून खाली, एकही उडी न मारता. तेच टिपण इथे उतरवतो.

उंदीर-मांजराची फ्लॉपी आली एकवीस सप्टेंबरला. त्या दिवशी ती एक ते चार नंबरच्या यंत्रांत गेली. ठीक. पाच नंबर कुठे होतं? त्रिचीला, दुरुस्तीला. ते आलं बावीस ऑक्टोबरला. म्हणजे पाच नंबरची आणि त्या फ्लॉपीची भेटच नाही.

मूळ पेटी. ती जूनपासून माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. यंत्रांसोबत प्रती आयत्याच आल्या होत्या, म्हणून ती कुठल्याच यंत्रात गेली नाही. सोमवारी पहिल्यांदा पाच नंबरमध्ये घातली आणि घातल्या घातल्या मेली. फ्लॉपीत व्हायरस शिरायचा तर आधी फ्लॉपी यंत्रात शिरायला हवी.

म्हणजे जिला खेळ ठाऊक नाही अशी फ्लॉपी, जिथे खेळ झाला नाही अशा यंत्रात गेली, आणि बिघडली. मग दोघांची भेट झाली तरी कुणाशी?

इथे पेन थांबलं. चंद्रमती ताक घेऊन आली, म्हणाली, काय झालं? काही नाही म्हटलं. मग पायरी लिहिली. दोघांची भेट माझ्याशी झाली.

सायकल काढून कॉलेजात गेलो. पेटीतली एक फ्लॉपी घेतली आणि ब्लेडने लखोटा चिरला. आयुष्यात पहिल्यांदा मी या विषयातली एखादी वस्तू स्वतःच्या हाताने उघडून पाहिली. काळ्या तबकडीवर पांढरट पापुद्रा, कडेला कुंकवाची लाल रेघ फिरलेली. पाच नंबरच्या ड्राइव्हमध्ये बॅटरी मारली. जिथे फ्लॉपी वाचली जाते तिथे वाळलेलं गंध. म्हणूनच कोऱ्या फ्लॉपीही बिघडत होत्या. सगळ्या तबकड्यांवर, दोन्ही बाजूंनी, मी अर्धवट न ठेवता, चौऱ्याहत्तर वेळा.

शिव शिव शिव!

१ नोव्हेंबर, सोमवार

कॉलेजात गेलो नाही. पोट बिघडलं आहे.

२ नोव्हेंबर, मंगळवार

पोट अजून बिघडलेलंच. विचार करतो आहे. मी न बोलल्यास काय होईल? वाणी जाईल, दुसरी कुणी येईल. तिचं वय लहान आहे, सावरेल. माझी सव्वीस वर्षं आहेत, आणि वर देवाची पूजा मधे आहे. करस्पाँडंटना सांगायचं की तुमच्या मातोश्रींच्या पूजेत मी यंत्रं मारली? लोक काय म्हणतील? मुलं तर मला पोंगलपर्यंत हसतील.

चंद्रमती म्हणाली, "अहो, पोट बिघडलंय तर दोन्ही वेळा सांबारभात कसा जातो?" मग म्हणाली, "वाणीची आई भेटली देवळात. म्हणाली, मुलगी काहीच सांगत नाही, नुसती फ्लॉपी पुसत बसते. तुम्ही मोठे आहात, जरा बघा म्हणाली." आणि आत निघून गेली.

माझी मला लाज वाटते आहे. हे लिहायलाच तर ही अक्षरं आहेत.

४ नोव्हेंबर, गुरुवार

चौकशी झाली. ओसरीवर करस्पाँडंट, प्राचार्य, झोपाळ्यावर राजलक्ष्मी अम्माळ, समोर बाकावर वाणी. मी तीन वेळा घसा खाकरला आणि मग एका दमात सांगितलं. टिपण वाचून दाखवलं, पायरी पायरीने. चिरलेली फ्लॉपी टेबलावर ठेवली.

करस्पाँडंट म्हणाले, "हे असं कागदावर येता कामा नये, प्रोफेसर. आयुधपूजेने यंत्रं बिघडली असं लिहिलं तर उद्या गिरणीत पूजा कोण करेल? व्हायरसच राहू द्या. मुलीचं आपण पुढे बघू."

मी म्हटलं, पण ते खोटं आहे. ते म्हणाले, सोयीचं आहे.

तेवढ्यात अम्माळनी झोपाळा पायाने थांबवला आणि फ्लॉपी मागितली. डोळ्यांजवळ नेऊन फट पाहिली. वाणीला विचारलं, यंत्र हिच्यात कुठून बघतं? वाणीने फटीवर बोट ठेवलं. अम्माळ माझ्याकडे वळल्या. "गंध कपाळाला लावतात की डोळ्यात घालतात?"

"कपाळाला," मी म्हटलं.

"मग! एवढी वर्षं मूर्तीला गंध लावताना बघितलंस ना? यात पूजेचा काय दोष? डोळ्यात चंदन कोंबलंस तर कुणाला दिसेल?"

पूजा सुटली, वाणी सुटली, मी सापडलो. वाणी तोंडाला पदर लावून हसत होती. मला राग यायला हवा होता, पण सुटल्यासारखं वाटलं.

मेमो मात्र फाडता येईना, रजिस्टरात त्याला नंबर पडला होता. म्हणून करस्पाँडंटनी वाणीचं नाव खोडून माझं घातलं आणि तोच माझ्या हातात दिला. "मनाई असताना आणि परिणामांची पुरेपूर जाणीव असताना." उत्तर सात दिवसांत द्यायचं आहे. इतक्या उत्तम इंग्रजीला उत्तर देणं कठीण आहे.

निघताना करस्पाँडंटनी मला बाजूला घेतलं. "सोमवारी समितीपुढे प्रमुख म्हणून तुम्हीच बसा. पिकलेले केस दिसले पाहिजेत. ती मुलगी मागे उभी राहील. आईपुढे बोललो नाही, पण समिती गेली की तिला काढणारच. देवाबद्दल असं लिहिणारी माणसं मला नकोत."

मी मान डोलवली. शिबिरात डोलवायचो तशीच.

६ नोव्हेंबर, शनिवार

वाणीने त्रिचीहून आपल्या जुन्या कॉलेजातून नवीन फ्लॉपी आणल्या. स्पिरिट आणि कापूस घेऊन आम्ही दोघांनी पाचही ड्राइव्ह साफ केले. ती सांगत होती, मी पुसत होतो. तीन नंबर आधी सुरू झालं तेव्हा तुळजारामने टाळ्या वाजवल्या आणि सांगितलं नसताना चहा आणला.

मग तिने मला खुर्चीवर बसवलं. "टाइप करा, सर." दोन संख्यांची बेरीज. चौदा चुका आल्या. एकदा तर मी अर्धविराम शोधता शोधता यंत्रच बंद केलं. पंधराव्या वेळी पडद्यावर बारा आला. सात आणि पाच बारा होतात हे मला सहाव्या वर्षापासून ठाऊक आहे, पण आज इतका आनंद झाला की वर्गात सांगायची सोय नाही.

तिला करस्पाँडंटचं बोलणं सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं, पण सांगितलं नाही. ती म्हणत होती, पुढच्या टर्मला दर शनिवारी लॅब उघडी ठेवू या.

८ नोव्हेंबर, सोमवार

समिती आली, तीन जण. अध्यक्ष विद्यापीठातले, पांढऱ्या शर्टाचे, कमी बोलणारे. मला मधल्या खुर्चीवर बसवलं होतं, गळ्यात सुती शाल. करस्पाँडंट शेजारी. वाणी मागे, भिंतीला टेकून.

अध्यक्षांनी अखिलाला पुढे बोलावलं. तीन संख्यांतली मोठी, हे ऐकून मला हायसं वाटलं. पण मग म्हणाले, "तेच नको. चार संख्यांतली सगळ्यात लहान काढ." अखिला बसली. टाइप केलं. चालवलं. उत्तर चुकलं. भरल्या लॅबमध्ये पडद्यावर चूक! करस्पाँडंट माझ्या कानात म्हणाले, "प्रोफेसर, चुकलं! थांबवा तिला!" मी म्हटलं, थांबा.

अखिलाने कागद ओढला, चार आकडे लिहिले आणि एक एक पायरी कागदावर चालवली, मी शिकवली तशी. तिसऱ्या पायरीला थांबली. मग यंत्राकडे वळली, एक चिन्ह बदललं, चालवलं. पुन्हा चुकलं. पुन्हा कागद. अकरा मिनिटं लागली. अध्यक्ष घड्याळ काढून बसले होते. शेवटी बरोबर आलं, आणि पोरीने सगळ्यांसमोर स्वतःशीच "आँ, असं होय!" म्हटलं.

अध्यक्ष म्हणाले, "या महिन्यात सात कॉलेजं पाहिली. सगळीकडे पाठ केलेले प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालले. चूक शोधणारी मुलगी आज पहिल्यांदा पाहिली. असं शिकवतं कोण?" आणि माझ्याकडे पाहिलं. "विभागप्रमुख तुम्ही ना?"

हो म्हणायला मी तोंड उघडलंच होतं. करस्पाँडंट हसत मान हलवत होते. मागे वाणी भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होती. करस्पाँडंटच्या बेताचं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

मी उठून उभा राहिलो. शाल काढून खुर्चीवर ठेवली. म्हटलं, "नाही सर. विभागप्रमुख या आहेत. मी पहिल्या वर्षाला आहे."

मुलं हसली. करस्पाँडंट हसले नाहीत. अध्यक्षांना वाटलं मी थट्टा करतो आहे. मी म्हटलं, थट्टा नाही, कृपा करून तुमच्या अहवालात तसंच लिहा, प्रमुखाचं नाव विद्यापीठाच्या कागदावर असलं पाहिजे. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा करस्पाँडंटकडे पाहिलं. बहुधा त्यांना समजलं: विद्यापीठाच्या कागदावर चढलेलं नाव करस्पाँडंटना मेमोतल्यासारखं खोडता येत नाही. पेनचं टोपण काढलं आणि नाव विचारलं.

वाणीचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पदवी, सगळं मी एक एक अक्षर सांगितलं, आणि त्यांनी लिहून घेतलं.